अंग निवले, तरी धाप का उतरेना? पाच महिन्यांच्या लॅब्राडॉर पिल्लाचे प्रकरण

पाच महिन्यांचे नर लॅब्राडॉर पिल्लू, वजन १४.२ किलो, पुण्यातील एका सोसायटीत फ्लॅटमध्ये राहणारे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. घरच्यांची तक्रार एवढीच: "संध्याकाळी बॉल खेळून आला की अर्धा-पाऊण तास धापा टाकतो. ऑक्टोबर हीटमुळे असेल ना?" पिल्लू खाते-पिते, शेपूट हलवते, बॉल दिसला की दाराशी जाऊन बसते. उलट्या नाहीत, खोकला नाही, लंगडणे नाही.

इथे मांडलेला घटनाक्रम एकाच ठरावीक कुत्र्याचा नाही. पावसाळा संपताना पिल्लांमध्ये जे चित्र पुन्हा पुन्हा दिसते, ते नमुन्यादाखल एका पिल्लावर मांडले आहे. आकडे अशा पिल्लांत अपेक्षित असतात तसेच घेतले आहेत.

पूर्वेतिहासात तीन गोष्टी होत्या. घरच्यांना त्या किरकोळ वाटल्या, म्हणून विचारल्यावरच बाहेर आल्या. पिल्लू सात आठवड्यांचे असताना घरी आले. तोवर जंताचे औषध दोनदा झाले होते. नंतर लसी वेळेवर झाल्या, पण जंताचे औषध राहून गेले. दुसरी गोष्ट, ते रोज सोसायटीच्या लॉनवर आणि झाडांखालच्या ओल्या मातीत खेळते आणि माती हुंगता हुंगता चाटतेही. तिसरी, शी अधूनमधून पातळ आणि काळपट होते. "खाद्याचा रंग असेल," असे घरात ठरले होते.

धाप कशासाठी असते

कुत्र्याच्या पंजांच्या गाद्यांना घाम येतो, पण अंग निववायला त्याचा उपयोग जवळपास नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे नाक, तोंड आणि जीभ यांच्या ओल्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन. म्हणून ते तोंड उघडून मिनिटाला दोनशे ते चारशे उथळ श्वास घेते. फुप्फुसे आणि छाती यांच्या नैसर्गिक लयीशी हा वेग जुळतो, त्यामुळे इतक्या भरभर श्वास घेऊनही स्नायूंना कष्ट कमी पडतात. हवा मुख्यतः नाकावाटे आत जाते आणि तोंडावाटे बाहेर पडते. आत घेतलेल्या हवेला ओलावा देण्याचे काम नाकातील ग्रंथी करतात.

एक साधा हिशेब करू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना अंदाजे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. १४ किलोच्या पिल्लाचे अंग १ अंश सेल्सिअसने उतरायला केवळ या मार्गाने सुमारे २० मिली पाण्याची वाफ व्हावी लागते. हवा कोरडी असेल तर हे चटकन होते. मुंबई किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत तेच पिल्लू तेवढेच धावले तरी जास्त वेळ धापा टाकेल, कारण वाफ व्हायला हवेत जागाच कमी असते. नागपूरच्या मे महिन्यात उलटी अडचण: हवा कोरडी, पण तिचे तापमान पिल्लाच्या अंगापेक्षा जास्त, त्यामुळे वारा लागला तरी अंग तापतच जाते.

धाप लागण्याचे दुसरे कारण म्हणजे ऑक्सिजनची उधारी. स्नायूंनी धावताना ऑक्सिजनशिवाय भागवले की रक्तात आम्ल साठते. ते फेडून होईपर्यंत श्वास वाढलेलाच राहतो. निरोगी पिल्लात ही दोन्ही कामे बरोबरच उरकतात, म्हणून आपल्याला एकच धाप दिसते. या प्रकरणात नेमकी तीच दोन कामे वेगळी करून पाहायची होती.

घरी केलेली मोजणी

धापेचा वेग पाहून फारसे काही कळत नाही, कारण निरोगी लॅब्राडॉरही दहा मिनिटे जीव तोडून बॉल आणल्यावर ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि आपले आपण सावरते. धाप उतरते कशी, हे पाहावे लागते. घरच्यांना दोन दिवसांची नोंद करायला सांगितले. लागणारे साहित्य: मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन, मोबाइल आणि कागद.

थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात दोन ते तीन सेंटिमीटर सरकवायचे. टोक आतल्या भिंतीला टेकेल असे किंचित तिरके धरायचे, कारण टोक शीमध्ये रुतले तर आकडा चुकतो. एकाने पिल्लाला उभे धरायचे, दुसऱ्याने मोजायचे. कुत्र्याचे विश्रांतीतील तापमान ३८.३ ते ३९.२ असते. माणसाच्या आकड्यांशी तुलना केली तर ३९ पाहून उगाच घबराट होते.

वेगाने चाललेली धाप डोळ्यांनी मोजता येत नाही. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये पंधरा सेकंदांचे चित्रण करून बरगडीच्या हालचाली मोजाव्यात आणि चारने गुणावे. तेही जमले नाही तर दोनच वेळा लिहून ठेवाव्यात: तोंड पहिल्यांदा आपोआप कधी मिटले आणि कायमचे कधी मिटले.

पहिल्या संध्याकाळी बाहेर २७ अंश होते. बारा मिनिटे बॉल खेळून झाला. थांबल्याबरोबर तापमान ३९.८, पाच मिनिटांनी ३९.९. थांबल्यावर पहिली काही मिनिटे तापमान थोडे चढणे स्वाभाविक आहे, स्नायूंतली उष्णता तेव्हा रक्तात उतरत असते. दहा मिनिटांनी ३९.५, वीस मिनिटांनी ३९.०. म्हणजे विसाव्या मिनिटाला अंग नेहमीसारखे झाले होते. धाप मात्र अडतिसाव्या मिनिटापर्यंत चालली.

दुसरी नोंद मुद्दाम पहाटे केली. बाहेर २१ अंश, पट्टा लावून पंधरा मिनिटे साधे चालणे, धावणे नाही. तापमान ३९.२ च्या वर गेलेच नाही. तरीही पिल्लाने घरी येऊन पंचवीस मिनिटे धापा टाकल्या.

उष्णतेचा प्रश्न इथे संपला. अंग तापलेलेच नव्हते, तर धाप कशासाठी? उत्तर ऑक्सिजनच्या बाजूला शोधायचे होते. तापमान न मोजता नुसती वेळ लिहिली असती, तर दोन्ही नोंदी "उकाड्याने दमला" याच खात्यात गेल्या असत्या आणि घरात कूलर आला असता.

जीभ आणि हिरड्या

मोबाइलच्या चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली. धावून आलेल्या निरोगी पिल्लाची जीभ लांब, रुंद आणि गडद गुलाबी ते लाल होते, कारण उष्णता बाहेर टाकण्यासाठी जिभेकडे रक्त जास्त धावते. या पिल्लाची जीभ लांब बाहेर होती, पण फिकी. धावल्यानंतरची फिकी जीभ उष्णतेने होत नाही. उष्माघातात सुरुवातीला हिरड्या विटेसारख्या लाल होतात.

हिरड्या पाहायच्या तर दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. ट्यूबलाइटखाली फिकेपणा लपतो. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वर बोट दाबायचे आणि सोडायचे. दोन सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात, आपल्या अनेक गावठी कुत्र्यांच्या असतात तशा, त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा. या पिल्लाच्या हिरड्या मळकट पांढऱ्या होत्या. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना असा हळूहळू होणारा बदल कळत नाही, त्यात घरच्यांचा दोष नाही. तीन महिन्यांपूर्वीचा जांभई देतानाचा फोटो शेजारी ठेवल्यावर फरक लगेच कळला.

आणखी एक चाचणी घरी सहज होते. धापा टाकणाऱ्या पिल्लाच्या नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा. केवळ गरम झालेले पिल्लू क्षणभर तोंड मिटून वास घेते आणि मग पुन्हा धापा टाकते. ज्याला खरोखर श्वास पुरत नाही, ते तोंड मिटूच शकत नाही, मान लांब करते, कोपरे बाहेर काढून बसते, पोट आत-बाहेर खेचते आणि झोपायचे टाळते. असे दिसले की मोजणी सोडून तडक दवाखाना गाठावा. या पिल्लाने तोंड मिटून वास घेतला. म्हणजे तातडी नव्हती, पण दुसऱ्या दिवशीची वेळ घेणे गरजेचे होते.

दवाखान्यात

विश्रांतीत नाडी मिनिटाला १४८. ती मांडीच्या आतल्या बाजूला बोटे टेकवून घरीही मोजता येते. या वयाच्या लॅब्राडॉरला एवढी नाडी जास्तच. छाती स्वच्छ, फुप्फुसांत घरघर नाही. हृदयावर डाव्या बाजूला हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये उमटणारा जादा आवाज, ऐकू आला, सहापैकी दुसऱ्या श्रेणीचा. इथे पुष्कळांचा रस्ता चुकतो. पिल्लू, धाप आणि मर्मर एकत्र आले की जन्मजात हृदयविकाराची शंका येते, थेट इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते आणि खर्च आणि चिंता दोन्ही वाढतात. पण रक्त पातळ झाले की ते हृदयातून वेगाने खळाळत जाते आणि असाच मर्मर उमटतो. रक्त सुधारले की तो जातो. म्हणून आधी रक्त तपासायचे ठरले. रक्त भरून आल्यावरही मर्मर राहिला तर इको.

जिभेला ऑक्सिमीटर लावला, ९७ टक्के. हा आकडा पाहून "ऑक्सिजन तर छान आहे" म्हणणे ही दुसरी ठेच. गावाला रोज दहा टँकर यायचे तिथे पाचच येऊ लागले आणि पाचही काठोकाठ भरलेले असले, तरी पाणी निम्मेच मिळते. ऑक्सिमीटर फक्त टँकर किती भरला आहे ते सांगतो, टँकर किती आहेत ते सांगत नाही.

रक्ताचा अहवाल: पीसीव्ही, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा, २१ टक्के. या वयात तो पस्तीसच्या आसपास किंवा वर हवा. हिमोग्लोबिन ६.४. पेशी आकाराने लहान आणि फिकट, म्हणजे लोह संपत आलेले. एकूण प्रथिने कमी. इओसिनोफिल, म्हणजे जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे कण, भरपूर.

प्लेटलेट्सचा आकडा फार मोलाचा. आपल्याकडे फिक्या हिरड्यांचे पिल्लू म्हटले की पहिली शंका गोचीड तापाची येते आणि ती रास्तच आहे. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही गोचिडांतून येणारे आजार इथे सर्रास आहेत. पण त्यांत प्लेटलेट्स बहुधा कोसळतात आणि अनेकदा ताप असतो. इथे ताप नाही, प्लेटलेट्स उत्तम, पेशी लहान, प्रथिने कमी. म्हणजे रक्त आतल्या आत फुटत नव्हते, थेंबाथेंबाने शरीराबाहेर जात होते. रक्ताच्या काचपट्टीवर बबेसिया दिसला नाही. त्याची गिब्सोनी ही जात फार बारीक असते आणि काचपट्टीवर निसटते, त्यामुळे प्लेटलेट्स कमी असत्या तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, करावीच लागली असती.

शीचा ताजा नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून, नळीच्या तोंडावर काच टेकवून पंधरा मिनिटे ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ कवचाची, लंबगोल, आत पेशींचे पुंजके असलेली अंडी भरपूर दिसली: हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी.

हा जंत आतड्याच्या अस्तराला दातांनी धरून रक्त पितो. एक जंत दिवसाला ०.१ मिलीपर्यंत रक्त घालवतो. जागा बदलताना मागची जखम वाहती ठेवतो, त्यातूनही रक्त जाते आणि शी काळपट होते. शंभर जंत धरले तर रोज १० मिलीपर्यंत. १४ किलोच्या पिल्लात सगळे मिळून सव्वा लिटरच्या आत-बाहेर रक्त असते. गळती हळूहळू होते म्हणून शरीर जुळवून घेते, नाडी वाढवते. सोफ्यावर बसलेले पिल्लू अगदी ठणठणीत दिसते. तूट उघडी पडते ती धावल्यावरच.

जंत आले कुठून, याची दोन उत्तरे आहेत. आईच्या स्नायूंत सुप्त पडलेल्या अळ्या तिच्या दुधातून पिल्लांत उतरतात, म्हणून आईची शी तपासून निर्धास्त राहता येत नाही. आणि मातीतून: शीमधली अंडी उबदार, ओलसर मातीत एक-दोन दिवसांत फुटतात, आठवडाभरात अळ्या संसर्गाला तयार होतात आणि तोंडावाटे किंवा थेट कातडीतून आत शिरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सावलीतले लॉन त्यांना अगदी मानवते.

लॅब्राडॉरच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासून बाजूला ठेवली. डायनामिन-१ या जनुकातील दोषामुळे काही लॅब्राडॉर जोराच्या खेळानंतर कोसळतात. हा दोष २००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी शोधला. त्यात पाच ते पंधरा मिनिटांच्या जोशपूर्ण खेळानंतर मागचे पाय लुळे पडतात, कुत्रा डुलत चालतो. इथे पाय शेवटपर्यंत घट्ट होते.

उपचार

फेनबेंडाझोल हे जंताचे औषध ५० मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे या वजनाला रोज सुमारे ७०० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, अन्नातून. वजन अंदाजाने धरायचे नाही. घरी काटा असेल तर पिल्लाला घेऊन उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. औषध आतड्यातील जंत मारते, पण शरीरात दडलेल्या अळ्यांचा नंतर पुन्हा आतड्याकडे प्रवास होतो. म्हणून हाच क्रम दोन आठवड्यांनी आणि पुन्हा त्यानंतर दोन आठवड्यांनी. एकदा औषध देऊन थांबले की महिन्याभरात धाप परत येते, आणि मग "औषध लागू पडले नाही" म्हणून वेगळाच शोध सुरू होतो.

लोहाचे औषध डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानेच द्यावे. घरातले माणसांचे आयर्न सिरप अंदाजाने ओतू नये. शुद्ध लोह प्रतिकिलो २० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात आणि ६० च्या पुढे जिवाला धोका असतो. काही टॉनिकांच्या चमच्यात लोह किती, हे बाटलीवर बारीक अक्षरात असते, ते वाचावे. लोहामुळेही शी काळी होते, त्यामुळे उपचाराच्या काळात शीच्या रंगावरून जंत गेले की नाही ते ठरवता येत नाही.

रक्त चढवावे लागले नाही. पीसीव्ही २१ होता, गळती जुनी होती आणि पिल्लू तरतरीत होते. पंधराच्या खाली, किंवा त्याआधीच विश्रांतीतही धाप आणि सुस्ती असती, तर निर्णय वेगळा असता. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांत तर दुधातून आलेला हा जंत एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

पहिले दोन आठवडे बॉल बंद. पट्टा लावून शी-शूपुरते पाच-सात मिनिटे, दिवसातून चारदा. बॉल यासाठी बंद, की लॅब्राडॉर आपण होऊन थांबत नाही. मोकळे हुंगत फिरणारे पिल्लू दमले की बसते, पण फेकलेल्या बॉलमागे ते फिक्या जिभेनेही पळत राहते. "वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटे" हा व्यायामाचा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. त्याला संशोधनाचा पाया नाही. धाप उतरायला लागणारा वेळ हे त्याहून चांगले माप आहे: सौम्य हवेत दहा-पंधरा मिनिटांत तोंड कायमचे मिटत असेल तर खेळ झेपला असे समजावे.

चौदाव्या दिवशी पीसीव्ही २९, सकाळच्या फेरीनंतरची धाप बारा मिनिटे. अठ्ठाविसाव्या दिवशी ३६, मर्मर नाही, विश्रांतीतील नाडी १०४. संध्याकाळी २६ अंशांत बारा मिनिटांचा बॉल पुन्हा खेळवून पाहिला. वीस मिनिटांनी तापमान पहिल्या वेळेसारखेच ३९.०, पण तोंड तेराव्या मिनिटालाच मिटले होते आणि जीभ लालबुंद होती.

खरोखर उष्माघात असता तर

फिक्या जिभेचे प्रकरण वाचून कोणी लाल जिभेकडे दुर्लक्ष करू नये. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींच्या अभ्यासात कुत्र्यांतील उष्णताविकारांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश घटना व्यायामातून आल्या होत्या, बंद गाडीतून नव्हे. धापेबरोबर झोक जाणे, हाका न ऐकणे, घट्ट चिकट लाळ, उलटी किंवा रक्ताची शी यांपैकी काहीही दिसले तर आधी निववायचे, मग न्यायचे. सावलीत नळाचे पाणी सतत सर्वांगावर ओतावे, पोटाखाली आणि मांड्यांतही, आणि पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. समोर भांडे ठेवावे, त्याने स्वतः प्यावे. तापमान ३९.५ ला आले की पाणी थांबवावे, नाहीतर ते नको इतके खाली जाते. पिल्लू उठून बसले तरी दवाखान्यात न्यावेच. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांतील बिघाड एक-दोन दिवसांनीही उघड होतो.

पुढची काळजी

सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंताचे औषध. वर्षातून दोनदा शीची तपासणी, त्यातली एक पावसाळ्यानंतर. गोचिडांचे औषध वेगळे असते. जंताची गोळी गोचीड मारत नाही आणि गोचिडांच्या प्रत्येक गोळीत जंताचे औषध नसते, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावे.

शी त्याच फेरीत उचलून कचऱ्यात टाकावी, कारण दुसऱ्या दिवशी अंडी फुटलेली असतात. बाल्कनीत शी होत असेल तर फरशी घासून कडक उन्हात वाळू द्यावी. ऊन आणि कोरडेपणा या अळ्यांना सोसत नाही. लॉनचा जो कोपरा सदैव सावलीत आणि ओला असतो, तिथे पिल्लाला बसू देऊ नये. मुलांनीही तिथे अनवाणी खेळू नये. याच अळ्या माणसाच्या कातडीत शिरून नागमोडी, लाल, भयंकर खाजणारी रेघ उठवतात. तशी रेघ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना घरात कुत्रा असल्याचे आवर्जून सांगावे.

सोसायटीच्या आवारातील भटक्या कुत्र्यांना हाकलून हा प्रश्न सुटत नाही, नवी येतात. त्यांना खायला घालणारे कोणी ना कोणी असतेच. डॉक्टरांकडून जंताच्या औषधाची वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन ती त्यांच्या हातून खाण्यात द्यावी, दर तीन महिन्यांनी, सगळ्यांना एकाच आठवड्यात. या पिल्लाच्या घरच्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तशी पहिली फेरी ठरवली, आणि पिल्लाची शी त्यानंतर महिन्याने पुन्हा तपासायची आहे.